दाढेखालचा मका

हैदराबादेत आमच्या व्याह्यांइतका रागीट माणूस दुसरा नाही, आणि त्यांच्याइतका रास्त कारणाने रागावणारा तर सबंध दख्खनमध्ये नसेल. कोंबड्यांचं खाद्य बनवणाऱ्या फीड मिल उभ्या करायच्या आणि मग त्या चालवून दाखवायच्या, यात त्यांचा जन्म गेला. पाया खणल्यापासून पहिलं पोतं शिवेपर्यंत ते रागावलेलेच असत. सिमेंटवर, वेल्डरवर, बॉयलरवर. आणि कोणीच सापडलं नाही तर काचीगुड्याच्या घरी येऊन पंख्यावर. माझ्या मुलीचं त्या घरात ठरलं तेव्हा मी मुलाची कसून चौकशी केली होती. वडिलांची करायला हवी होती.

या रागाचं मूळ त्यांच्या दातांत होतं. मक्यातला ओलावा मोजायला जग मीटर वापरतं. व्याही दाणा दाढेखाली धरत. 'कट्ट' वाजला तर कोरडा. नुसताच दबला तर ओला, म्हणजे सायलोत, त्या पत्र्याच्या उंच कोठारात, तो तापणार, त्याला बुरशी लागणार आणि ते खाद्य खाऊन पिल्लं मरणार. ही सवय मिलच्या फाटकाशी थांबत नसे. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी हातातली अक्षत चावून पाहिली आणि भटजींच्या 'सावधान'च्या वर आवाज चढवला, "ओली आहे! कोणी घेतला हा माल?"

"अहो, कुंकवात भिजवलीय ती," विहीणबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"मग वाळवून वाटायची!"

त्यांनी उभारलेल्या शेवटच्या मिलच्या उद्घाटनाला मीही होतो. मालकाने क्रेन आणून सायलोला झेंडूची माळ घातली होती. डोक्यावर ड्रोन घोंघावत होता. निवेदक तीन भाषांत बोलत होता आणि तिन्हींत चुकत होता. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा, म्हणजे वेळेवर आले. तोवर व्याह्यांनी नुकत्याच उतरवलेल्या मक्याची मूठ भरली होती. एक दाणा चावला. आवाज नाही. दुसरा, तिसरा. नाही.

"मिल चालू होणार नाही," ते म्हणाले.

मालक हात जोडत धावत आला. "साब, मीटर ठीक बोलरा, फिर आप कायकू गरम होरे?"

"मीटर तुम्हारा है, तुम्हारी बोलता. दाँत मेरे हैं."

"मुहूरत निकल जाता साब, एक बटन तो है!"

"मुहूरत के वास्ते पिल्लों को नक्को मारो."

बटण शेवटी पाहुण्यांनीच दाबलं. टाळ्या पडल्या. व्याह्यांनी हेल्मेट काढून ओवाळणीच्या ताटाशेजारी ठेवलं आणि माझ्या गाडीत येऊन बसले. वाटेत ते सिग्नलवरसुद्धा रागावले नाहीत. रागावलो होतो तो मी. महिन्याभरात सायलोतून कुबट वास येऊ लागला, फार्मवरून पिल्लं मेल्याचे फोन आले आणि त्याच मालकाने यांना बोलावलं. हे गेले, चार दिवस ओरडून ओरडून सगळा सायलो रिकामा करून घेतला आणि परत आले. चुकलं, असं कोणी म्हणालं नाही. मिलच्या दर्शनी भिंतीवर आजही फोटो आहे तो बटण दाबणाऱ्या बोटाचा. त्या टाळ्या आठवल्या की माझं डोकं अजून तापतं.

गेल्या वर्षी चिक्कडपल्लीच्या डॉक्टरने व्याह्यांचे उरलेसुरले दात काढून कवळी बसवली. "कवळी खोटं बोलते," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात. नव्या मिलवाल्यांनी सल्ल्याला बोलावलं तरी ते काहीबाही कारणं सांगू लागले.

मग एका रविवारी ते रुमालात बांधलेला त्या नव्या मिलचा मका घेऊन माझ्याकडे आले. "चावा," म्हणाले. मी एक दाणा दाढेखाली धरला. त्यांनी डोळे मिटले, कान माझ्या गालाशी आणला.

"ओला!" ते कडाडले. "कोणी घेतला हा माल?" आणि तिथूनच मिलला फोन लावून त्यांनी कोणाला तरी अर्धा तास झोडपलं. इतकं खूश मी त्यांना मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

आता दर रविवारी ते येतात. मी चावतो, ते ऐकतात, मग फोनवर ओरडतात.

माझी ती दाढ हल्ली हलते. त्यांना अजून सांगितलेलं नाही.