काढून टाकलेले श्वास

रोहिणीताई सबनीस यांना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्याविषयी दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या गौरव अंकात मी लिहावं, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. ऑफिस, गाझियाबादहून रोजची ये-जा आणि इथली हवा यांतून जेवढा माणूस उरतो, तो लेख लिहिण्याच्या लायकीचा नसतो. पण ताईंविषयीची एक गोष्ट मलाच सांगायला हवी. ती दुसऱ्या कुणाला माहीत नाही.

आमची ओळख द्वारकेतल्या मंडळाच्या गणेशोत्सवात झाली. ताई तेव्हा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होत्या. पेटीवाले ऐनवेळी आले नाहीत, म्हणून मला कीबोर्ड घेऊन बसवलं. माझा हात चर्चमधल्या गाण्यांवर बसलेला, भावगीताला साथ करायची म्हणून आधीच घाम फुटला होता. त्यात ताई प्रत्येक ओळ ठेक्याच्या जरा मागून उचलत होत्या. त्या चुकताहेत असं समजून मी त्यांना ओढून आणायला पुढे पुढे पळत राहिलो. कार्यक्रम संपल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "सोनवणे, तुम्ही कशाला धावत होतात? गाणं कुठे पळून चाललं होतं?"

निओ-सोल नावाचं संगीत मी कॉलेजपासून ऐकत आलो आहे. ठेक्याच्या किंचित मागे रेलायचं आणि बोलल्यासारखं गायचं, अशी त्याची ढब. ताई ते कुठलंही नाव न देता गात होत्या. पुढे मी त्यांना त्यातली काही गाणी ऐकवली. "अच्छा, म्हणजे आपल्यासारखेच आळशी लोक आहेत," एवढाच त्यांचा अभिप्राय. आमची जोडी जमली ती तिथे.

'बाल्कनीतलं ऊन' या आमच्या अल्बममध्ये नऊ मराठी गाणी आहेत. सुरुवातीला ताईंच्या घरी रेकॉर्डिंग करून पाहिलं, पण दर चार मिनिटांनी डोक्यावरून विमान जायचं. मग माझ्या घराजवळचा एक छोटा स्टुडिओ घेतला. साठीला टेकलेल्या ताई दर रविवारी मेट्रोची ब्लू लाइन या टोकापासून त्या टोकापर्यंत करून येत. एका गाण्यात 'उंबरा' हा शब्द होता आणि इकडेच वाढलेल्या माझ्या मुलीला तो कळेना. शब्द बदलू या, असं मी म्हणालो. ताईंनी तो बदलला नाही. आमच्या फ्लॅटच्या दारात त्यांनी रांगोळीची रेघ ओढली, मुलीला ती दहा वेळा ओलांडायला लावली आणि मगच गायला उभ्या राहिल्या.

आता माझी गोष्ट. ते हिवाळ्याचे दिवस होते आणि हवा नेहमीसारखी वाईट होती. ताईंना दम लागायचा. प्रत्येक ओळीआधी त्यांचा श्वास माइकमध्ये स्पष्ट ऐकू येई. लोक काय म्हणतील, बाईंना झेपत नाही म्हणतील, या भीतीने मी कंप्युटरवर बसून ते श्वास एकेक करून काढून टाकले. तीन आठवडे हेच करत होतो. त्यांना विचारलं नाही. त्यांचं भलं करतो आहे, असं मला वाटत होतं.

अल्बम आला. एका समीक्षकाने लिहिलं की आवाज सुरेल आहे, पण गाणारी बाई खोलीत आहे असं वाटत नाही. इंटरनेटवर तर, हा आवाज मशीनने बनवलेला आहे, असंच लोक लिहू लागले. मंडळात अल्बम ऐकवला, तेव्हा एक तरुण पाहुणा सरळ म्हणाला, "आंटी, ये एआय वाली आवाज़ है क्या?" सभागृहात हशा पिकला. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जो भी है बेटा, हम दोनों का किया हुआ है." त्या वेळी उठून बोलायला हवं होतं. मी बोललो नाही याची लाज मला अजून वाटते.

त्या दिवसानंतर ताई गायल्या नाहीत. फोन केला की गुडघे, हवा, नातू, काहीतरी निघायचं. मीही कंटाळलो होतो, फार आग्रह केला नाही.

या लेखाचं निमित्त झालं म्हणून गेल्या रविवारी सकाळी मूळ रेकॉर्डिंग घेऊन द्वारकेला गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ताईंनी गवारीच्या शेंगा मोडायचं थांबवलं नाही.

"पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच कळलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू तीन आठवडे डोळे फोडले होतेस रे. आणि खरं सांगू, डॅनियल? मलाही वाटलं, तरुण वाटतेय तर वाटू दे. चूक दोघांची आहे यार."

मग त्यांनी हेडफोन लावले. चौथं गाणं सुरू झालं आणि त्यांचे हात थांबले.

"किती दमलेय मी इथे."

"हो."

"हे असंच बाहेर काढ. दमलेली बाई गातेय, एवढं तरी कळू दे लोकांना."

पुढच्या रविवारी त्या एक नवं गाणं गायला स्टुडिओत येणार आहेत. मेट्रोचे जिने चढून आल्या आल्या गाणार, बसून दम खाणार नाही, अशी त्यांची अट आहे. ती मी मान्य केली आहे.

ताई, आपल्याला उदंड आयुष्य आणि उत्तम आरोग्य लाभो, हीच आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा. आपण गात राहा. धाप लागली तर लागू द्या. यापुढे आपला एकही श्वास मी कापणार नाही.