लॅमिनेट केलेली सुरेखा

सुरेखा गेली त्याला आता दीड महिना होत आला. धुळ्याला तास संपवून बाहेर आले तर तिच्या भावाचा फोन. "हार्ट अटॅक... सकाळीच गेली ताई." त्यापुढचं मी ऐकलंच नाही. जळगावला पोहोचेपर्यंत रडले, नंतरही बरेच दिवस रडले. पण हे लिहायला बसले आहे ते रडण्यासाठी नाही. मला राग आलाय, आणि तो निवावा असं मला मुळीच वाटत नाही.

एम.एस्सी.ला आम्ही दोघी एका बाकावर. पुढे मी धुळ्याच्या कॉलेजात लागले, ती जळगावच्या. दोघी पदार्थविज्ञान शिकवायचो, पण तिने एक विशिष्ट प्लास्टिकच मनावर घेतलं. दिसायला साधी, पातळ, पारदर्शक फिल्म. तिच्यातल्या रेणूंच्या लांब साखळ्यांना एक बाजू धन, एक ऋण. साध्या फिल्ममध्ये शेजारच्या साखळ्या उलट्या दिशांना तोंडं करून बसलेल्या असतात, एकीचं दुसरी खोडून काढते आणि बाहेर काहीच जाणवत नाही. फिल्म जोरात ताणली की ही मांडणी बदलते, तसं बहुतेक जण करतात. सुरेखा ताणायची नाही. ती फक्त फिल्मच्या दोन्ही बाजूंना जबरदस्त व्होल्टेज लावायची आणि ते इतकं सावकाश वाढवायची की बघणाऱ्याचा जीव जावा. त्या विद्युतक्षेत्राने साखळ्या वळत, स्फटिकाची रचनाच बदले, आणि व्होल्टेज काढून घेतलं तरी वळलेल्या साखळ्या तशाच राहत. अशी फिल्म नुसती ठोकली तरी वीज देते. किती फिल्म वाया गेल्या देवाला ठाऊक. ठिणगी पडून भोक पडलं की ती हसून म्हणे, "झालं भरीत!" आणि दुसरी लावायला घेई.

"ताणून हा गुण कुणीही आणेल गं," ती मला म्हणाली होती. "मला न ताणता आणायचंय. आणि आणलेलं टिकतं का, ते बघायचंय."

त्या टिकण्यावरच सगळं अडलं होतं. तिच्या शोधनिबंधावर परीक्षकांनी विचारलं होतं, याच फिल्म काही महिन्यांनी पुन्हा मोजून दाखवाल का? तेवढं झालं की निबंध छापला जाणार होता. या फिल्मना उष्णता चालत नाही, फार तापल्या की वळलेल्या साखळ्या विस्कटतात आणि केलं-सवरलं पुसलं जातं. म्हणून जळगावच्या उन्हाळ्यात ती फिल्मचा डबा प्रयोगशाळेतल्या माठाच्या तिवईखाली ओल्या फडक्यात ठेवायची. त्यांच्या विभागप्रमुखांना त्याची फार गंमत वाटे. "मॅडमनी लोणचं घातलंय," असं ते पाहुण्यांना सांगत. खोली द्यायची वेळ आली की मात्र म्हणत, "प्लास्टिकला करंट देण्यासाठी अख्खी खोली?"

तिचं तेरावं झाल्यावर मी डबा आणायला गेले. मोजणी मी पुरी करणार होते. माठाखाली डबा नव्हता. शोकसभेत तिला 'विभागाचा मानबिंदू' म्हणणाऱ्या याच गृहस्थांनी मला कौतुकाने व्हरांड्यात नेलं. तिथे काचेच्या कपाटात सुरेखाचा हार घातलेला फोटो, आणि खाली ओळीने तिच्या फिल्म. लॅमिनेट केलेल्या! आपल्याकडे जे जे जपायचं ते लॅमिनेट करायचं, दहावीची गुणपत्रिका असो की देवाचा फोटो. ऑफिसातल्या त्या तापलेल्या रोलरमधून त्यांनी सगळ्या फिल्म काढल्या होत्या.

"खराब होऊ नयेत म्हणून हो मॅडम," ते म्हणाले. "चांगलं जाड कव्हर घेतलंय."

मी तीन उचलून धुळ्याला आणल्या, एकीचं कव्हर कापलं, तारा जोडल्या, ठोकून पाहिली. मीटरचा काटा ढिम्म हलला नाही. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली... तेच. पदार्थविज्ञानाचा विभागप्रमुख! अडाणी माणसाला मी माफ केलं असतं. यांनी तिला जिवंतपणी जागा दिली नाही आणि मेल्यावर तिचं काम इस्त्री करून कपाटात ठेवलं. वर मलाच विचारतात, उद्घाटनाला याल ना?

मग मला भडगावचं दार आठवलं. तिथे राहणाऱ्या सुरेखाच्या आई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, कानाने पार बहिऱ्या. म्हणून सुरेखाने डब्यातल्या फिल्मच्याच खेपेतली एक फिल्म, आधी नीट मोजून, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली होती. बाहेरून कुणी दार वाजवलं की स्वयंपाकघरात ओट्यावर लाल दिवा लागायचा. ती फिल्म मागायला मी गिरणाकाठच्या त्या घरी गेले आणि दार वाजवलं. आत भांडं पडल्याचा आवाज आला. अक्का पिठाच्या हातांनी धावत आल्या, मला पाहिलं आणि उंबऱ्यातच बसल्या.

"दिवा लागना... माले वाटनं, सुरेखाच उनी."

दिवा लागला तशी सुरेखाच आली, असं त्यांना वाटलं होतं. मी त्यांच्याशेजारी बसले. खुणा करकरून कशासाठी आले ते सांगितलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तिनं बठ्ठं ली जा वं माय. पन ते काढशी तं कोन उनं, माले कसं समजी?"

तिचं सगळं न्यायला त्यांची ना नव्हती, पण फिल्म काढली तर कोण आलं ते त्यांना कळणार नव्हतं. मी फिल्म काढली नाही. पुढच्या रविवारी मीटर घेऊन भडगावला जाणार आहे, मोजणी दारावरच होईल. कपाटाच्या उद्घाटनाला मी जाणार नाही. निबंध सुरेखाच्या नावानेच जाईल. नमुना प्रयोगशाळेत का नाही असं परीक्षकांनी विचारलं, तर त्याचं उत्तर मी आत्ताच लिहून ठेवलंय... नमुना वापरात आहे.