सोनकांबळे काकांच्या लॉगिनवरून

माझ्या नवऱ्याला वाटतं, माझं असं काही नाही जे त्याला ठाऊक नाही. आहे. सहा वर्षं झाली. त्याला सांगितलं नाही, आईला नाही, कुणालाच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्यापाशी बोलवेल. याआधी दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्हीदा खोडलं.

तेव्हा मी लातूरला होते, एका गुंतवणूक कंपनीच्या शाखेत. लोकांचे पैसे म्युच्युअल फंडात लावायचे, त्यांचे अर्ज तपासून पुढे पाठवायचे, हे आमचं काम. तपासायला सोनकांबळे काका. रोज रेणापूरहून एसटीनं यायचे, शर्टाची घडी मोडलेली नसायची. सही ओळखणं ही त्यांची विद्या. अर्ज हातात घेतला की जुना कागद न काढताच सांगायचे, "ही सही त्या माणसाची न्हाई. पोरानं मारलीय." आणि तसंच निघायचं. त्यांनी हो म्हटलं की साहेबसुद्धा पुन्हा बघायचे नाहीत.

मग कागद गेले. नवी प्रणाली आली. सही नको, शिक्का नको — ग्राहकाच्या मोबाईलवर ओटीपी येणार, तो टाकला की काम झालं. काकांच्या तीस वर्षांच्या विद्येला महिन्याभरात कुणी विचारेना. आणि माझा भाव वधारला. मी भराभर शिकले. खरं सांगू? मिरवलेसुद्धा. काका एका बोटानं अक्षर शोधायचे, सापडलं की तोंडानं म्हणायचे, मग दाबायचे. माझ्याच्यानं ते बघवत नसे. मी त्यांचा कीबोर्ड ओढून घ्यायची आणि त्यांच्याच लॉगिनवरून काम उरकून टाकायची. पासवर्डही मीच लावून दिलेला, त्यांच्या नातीच्या नावाचा. याला कुणी मदत म्हणेल. मदत होती का ती? उतावीळपणा होता.

काकांनी मात्र हट्ट सोडला नाही. वहीत पायऱ्या लिहून लिहून शिकले. ज्या दिवशी त्यांनी एकट्यानं सात व्यवहार केले, त्या दिवशी अख्ख्या शाखेला चहा पाजला. "आता मला बी येतंय बरं का, ताई," म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद — नको, त्याकडे पुन्हा वळले तर मूळ गोष्ट राहून जाईल.

त्याच आठवड्यात निलंग्याहून बिरादार गुरुजींचा फोन आला. निवृत्त शिक्षक. त्यांना दरमहाचा हप्ता थांबवायचा होता, एवढंच. घाईत माझा पासवर्ड तीनदा चुकला आणि माझं लॉगिन बंद पडलं. ते उघडायला मुख्य कार्यालयाला फोन करा, अर्धा तास वाट बघा. कोण करतंय? काका जागेवर नव्हते. शिपाई रजेवर होता म्हणून धनादेश घेऊन तेच बँकेत गेले होते. मी त्यांच्या खुर्चीत बसले. एका कानाला गुरुजी, दुसऱ्या फोनवर आणखी कुणीतरी. 'हप्ता थांबवा'च्या खाली 'सर्व युनिट विका' होतं. मी खालचं दाबलं.

"गुरुजी, नंबर आला का? सांगा." ही आमची रीत. ओटीपीच्या निरोपात काय लिहिलंय ते तिकडे कुणी वाचत नसे, आम्हीही वाचा म्हणत नसू. गुरुजींनी सहा आकडे सांगितले, मी टाकले. बाजार पडलेला होता, आणि त्या पडत्या भावात त्यांची सगळी गुंतवणूक विकली गेली. मला कळलंसुद्धा नाही.

कळलं पंधरा दिवसांनी, गुरुजी पासबुक घेऊन शाखेत आले तेव्हा. तोवर बाजार वर गेला होता. कंपनीनं त्यांचं नुकसान भरून दिलं, पण भरून दिलं म्हणजे कुणाच्या तरी नावावर ते टाकायला हवं. पुण्याहून एक अधिकारी आला. त्यानं नोंद उघडली. तारीख, वेळ, कर्मचारी: सोनकांबळे. वेळ मीही वाचली. त्या वेळी त्या खुर्चीत कोण बसलं होतं, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

अधिकाऱ्यानं स्क्रीन काकांकडे फिरवली. त्यांनी चष्मा लावला, आपलं नाव वाचलं, पुन्हा वाचलं. मी वाट बघत होते — आता म्हणतील, मी तर बँकेत होतो. त्यांना ते आठवलं नाही. मला आठवत होतं.

ते माझ्याकडे वळले. "ताई, हे म्या केलं का वो? मला तर काहीच आठवंना."

गप्प बसले असते तर नुसती भित्री ठरले असते, तेवढ्यावर भागलं असतं. मी बोलले. "काका, नवीन नवीन शिकत होता ना तुम्ही. विसरला असाल."

एवढंच. आवाजही हळुवार काढला होता मी. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "आसंल. मशीन कशाला खोटं बोलंल?" आणि चूक आपलीच, असं लिहून दिलं. दोन वर्षं नोकरी बाकी होती, ती सोडली. निरोपाच्या दिवशी माझ्या हातात हात घेऊन म्हणाले, "तू लई शिकवलंस मला." हात काढून घ्यायचंही मला सुचलं नाही.

नोकरी गेली ते कमी आहे, असं मी म्हणत नाही. पण पुढचं ऐका. वर्षभरानं काकू मला बाजारात भेटल्या. काका आता कुलूप लावून चार वेळा परत फिरतात. गावच्या विहाराचे ते कोषाध्यक्ष होते, ते पद त्यांनी स्वतःहून सोडलं. माझ्या हातून काही चुकेल, म्हणाले. नातीला शाळेतून आणायचंही बंद केलं — वाटेत कुठे विसरून आलो तर? डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, काही झालेलं नाही. "डाक्टरवर इस्वासच न्हाई त्यांचा," काकू म्हणाल्या, "मशीननं सांगितलंय म्हणतेत." त्या माझ्यापुढे रडल्या आणि मी त्यांची समजूत घातली. मी. करून सवरून नामानिराळी!

सांगायला किती वेळ लागला असता? रेणापूर लातूरहून किती लांब आहे? मी एकदा रेणापूरच्या एसटीत बसलेही होते. गाडी सुटायच्या आत उतरले.

आता मी नांदेडला आहे, वरच्या पदावर. नव्या मुलामुलींना प्रशिक्षण देते. आपलं लॉगिन कुणाला देऊ नका, ग्राहकाला निरोप पूर्ण वाचायला लावा, हे मीच शिकवते, आणि उदाहरण म्हणून काकांचीच गोष्ट सांगते. नाव न घेता. मुलं लक्ष देऊन ऐकतात, चांगली गोष्ट आहे. गेल्या आठवड्यात देगलूरच्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, पण त्या काकांनीच केलं होतं कशावरून? दुसऱ्या कुणी त्यांच्या लॉगिनवरून केलं असंल तर?"

सहा वर्षांत हे विचारणारी ती पहिली. वर्गात तीस जण होते, सगळे माझ्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हणाले. "त्यांनी स्वतः कबूल केलं होतं."

तिनं ते वहीत लिहून घेतलं.