जाऊबाईंचं मूळ

आमच्या मोठ्या जाऊबाई स्वस्थ बसल्यात असं मी क्वचितच पाहिलं. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या शाळेत गणित शिकवून आल्या की घरात फेऱ्या सुरू. चहासुद्धा उभ्यानंच प्यायच्या. हिच्या पायाला भिंगरी लावूनच देवानं धाडलं, असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

त्यांचा सगळा जीव बैठकीतल्या कॉम्प्युटरमध्ये अडकलेला. त्यावर एक अवाढव्य संख्या तपासली जात होती. दोनाला दोनानं गुणत सुटायचं आणि शेवटी एक वजा करायचा. ओळीत लिहिली तर इथून हिंगोलीपर्यंतचा रस्ता पुरायचा नाही. ती मूळ संख्या आहे का, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानंच तिला भाग जात नाही ना, एवढंच बघायचं होतं. लाईट गेली की जाऊबाई हातातली भाकरी टाकून इन्व्हर्टरकडे पळत. मला गणितात गती शून्य, मी नुसती मान डोलवायची.

एकदा नागपंचमीच्या तोंडावर सासूबाईंनी मला विचारलं, "रातंदिवस काय हुडकून राहिली ही?"

"मूळ," मी म्हणाले.

आमच्याकडे मूळ म्हणजे सासुरवाशिणीला माहेरी न्यायला येणारं माणूस. सासूबाईंनी तेच धरलं. "तिला आता कुठून येणार मूळ, माय? आईबाप गेले, भाऊ इचारत न्हाई."

जाऊबाई दारातच होत्या. त्या दिवशी मात्र त्या बसल्या, आणि बराच वेळ बसून राहिल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही संख्या मूळ निघाली ना, तर समजंन मला मूळ आलं."

तेव्हापासून त्यांच्याइतकीच मीही त्या पडद्याकडे डोळे लावून बसले. देवाला नवससुद्धा बोलले. संख्येसाठी नवस बोलणारी जिल्ह्यात मी पहिलीच असेन.

पंचमीच्या आधी दोन दिवस निकाल आला. संख्या मूळ नव्हती.

"तुटती, कशानं तरी भाग जातो, एवढं कळलं," जाऊबाई म्हणाल्या. "कशानं तुटती, ते ही तपासणी सांगत न्हाई." आणि पुन्हा फेऱ्या सुरू झाल्या. मला त्या फेऱ्या बघवेनात. मी सेनगावला माझ्या भावाला फोन लावला आणि त्याला सगळं सांगितलं.

पंचमीच्या आदल्या दिवशी भाऊ जीप घेऊन आला. मला सोडून सरळ जाऊबाईंपुढं गेला आणि म्हणाला, "ताई, तुमाला न्यायला आलो. चला."

जीपमध्ये आम्हा दोघींच्या मधे एक पिशवी होती. तिच्यावर हात ठेवून जाऊबाई म्हणाल्या, "पाच आन् सात. अकरा आन् तेरा. दोन मूळ संख्या, मधे एकच दुसरी. ह्यांला जोडमूळ म्हणतात, बाई." मग त्यांनी डोळ्याला पदर लावला.

त्यानंतर दर पंचमीला भाऊ आम्हा दोघींना न्यायला येई. गेल्या हिवाळ्यात जाऊबाई वारल्या. यंदाही तो जीप घेऊन दारात उभा राहिला, पण माझा पाय काही उचलेना. त्याला चहा पाजला आणि रिकाम्या जीपनं परत धाडलं.