अमेरिकेतली भिंत, ईलिंगचं दार

आमच्या लंडनमधल्या हॅरोच्या पुस्तकभिशीचा एक नियम आहे: पुस्तक वाचलं नसेल तरी चालेल, डबा आणलाच पाहिजे. त्यामुळे महिन्यातल्या त्या शनिवारी चर्चेआधी तासभर नुसतं खाणं चालतं. त्या खेपेला पाळी माझ्या घरची होती आणि माझं लक्ष ना पुस्तकात होतं ना डब्यांत. गुरुवारी लेक अचानक कार्डिफहून घरी आली होती. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दारातच म्हणाली, "आई, मी कोर्स सोडते." का, ते सांगेना. मी ओरडून पाहिलं, गोडीत घेऊन पाहिलं, शिरा करून पाहिला. पोरगी ढिम्म!

पुस्तक होतं अमेरिकेत गेलेल्या एका कुटुंबाचं. त्यातला बाप दोन-दोन नोकऱ्या करतो, घर घेतो, पुढे हिरवळ, दारात गाडी. अमेरिकन ड्रीम म्हणतात ते सगळं. मग एकदा कोणीतरी त्या घराच्या भिंतीवर 'परत जा' आणि आणखी काय काय घाण लिहून जातं. मुलं जागी व्हायच्या आत बाप उठतो, भिंत रंगवून टाकतो आणि कोणाला अवाक्षर बोलत नाही.

"याला म्हणतात बापमाणूस!" काका म्हणाले. हे आमच्या भिशीतले सगळ्यांत ज्येष्ठ, ईलिंगला राहतात, बस चालवून रिटायर झाले. "शेवटी घर झालं की नाही? मुलं शिकली की नाही? मनावर घेतलं असतं तर बसला असता रडत." सगळ्यांनी माना डोलावल्या. "शिवाय हे सगळं तिकडे अमेरिकेत हो. इथे आम्हाला असलं काही झालं नाही."

मला अशी चीड आली! तिकडे, म्हणे. जसं काही अटलांटिकच्या अलीकडे सगळे संतच राहतात. मी तोंड उघडणार, एवढ्यात लेक चहाचा ट्रे घेऊन आली.

"पण काका, तो पेंट कशाला करतो? पोलिसला बोलवायचा ना." तिनं तिच्या इथेच वाढलेल्या मराठीत विचारलं.

"अगं, मुलांना वाईट वाटू नये म्हणून."

"मुलांना कळतो सगळा," ती म्हणाली. ट्रे ठेवला आणि जे मला दोन दिवस सांगत नव्हती, ते तिनं उभ्या उभ्याच सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "हॉस्पिटलमध्ये प्लेसमेंट असतो ना आमचा, शिकायला, तिथे एक पेशंट आहे. मी बीपी घ्यायला गेली. तो म्हणाला, तुझा हात नको, इंग्लिश कोणीतरी पाठव. आणि सीनिअर नर्स मला काय म्हणाली? 'नेव्हर माइंड, तू दुसरा बेड घे.' सगळे एवढे नाइस होते! पण त्याला कोणीच काही बोलला नाही. मग दुसऱ्या दिवशी पण मला दुसरा बेड. आपोआप." तिनं ट्रेमधले कप उगाच सरळ केले. "पेशंटचा एवढा नाही लागला मला. दुसऱ्या बेडचा लागला."

त्या माणसाच्या नावानं बोटं मोडावीत की हिला जवळ घ्यावं, काही सुचेना. मघाशी माना डोलावणारे सगळे आता ताटल्यांत बघत होते.

काकांनी ताटली खाली ठेवली. "आमच्याही दारावर लिहिलं होतं एकदा," ते म्हणाले. "घर नवीन घेतलं तेव्हा. लाल रंगानं. ही उठायच्या आत मी टर्पेंटाइननं पुसून काढलं. हिला कधी बोललो नाही."

काकू शेजारीच बसल्या होत्या. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या नखांत रंग होता. चहाचा कप उचललात तेव्हा दिसला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या मेहनतीनं पुसलेलं. म्हटलं, यांना वाटू दे मला कळलं नाही म्हणून."

काकांचे डोळे भरून आले. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं.

"बेल वाजली की माझी छाती धडधडायची," काकू म्हणाल्या. "यांचीही धडधडत असणार. पण विचारणार कोण? एकाच घरात दोघं आपापले घाबरत राहिलो इतकी वर्षं." मग त्यांनी लेकीचा हात धरला. "तू नको गं बाई असं करू. बोललीस ते फार बरं केलंस. आता तिथे जाऊन बोल."

"आणि मग सोडायचं तर खुशाल सोड," काका नाक पुसत म्हणाले. "पण त्या मेल्यामुळे नको. हवं तर मी येतो कार्डिफला."

"काका, प्लीज नका येऊ!" लेक म्हणाली आणि चक्क हसली.

सोमवारी मी तिला पॅडिंग्टन स्टेशनवर कार्डिफच्या गाडीत बसवून दिलं. कॉलेजच्या ट्यूटरला भेटते, मग बघू, एवढंच म्हणाली. तो आठवडा मी फोन हातात घेऊनच स्वयंपाक केला.

शुक्रवारी फोन आला. ट्यूटर तिच्याबरोबर वॉर्डात गेल्या होत्या. सीनिअर नर्सनं तिची माफी मागितली आणि पाय मोडून अजून तिथेच पडलेल्या त्या माणसाला स्पष्ट सांगितलं, तुमची नर्स हीच. नको असेल तर थांबा, दुसरं कोणी येणार नाही.

"मग?" माझा जीव टांगणीला.

"मग मी गेली. तो खिडकीकडे बघत होता. पण हात पुढे केला त्यानी. मी बीपी घेतला."

"किती होतं?" मला दुसरं काही सुचलंच नाही.

"त्याचा नॉर्मल होता, आई," ती म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली. "माझाच हाय असणार."