मंगलीबाईचा स्टे

कोर्टातून स्टे मिळाला त्या दिवशी मंगलीबाईने आरमोरीच्या बाजारातून जिलेबी आणली अन् गावभर वाटली. "मी जिंकलो!" असं विचारील त्याला सांगितलं, न विचारील त्यालाही सांगितलं.

भांडण मोहाच्या झाडाचं. तिच्या अन् पुतण्याच्या शेतामधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सासऱ्याच्या वेळेपासून उभं. पुतण्या हेमराजला ट्रॅक्टरसाठी वाट पाहिजे होती, म्हणून तो झाड पाडायला निघाला होता. नवरा गेल्यावर बाईला सावरलं ते या मोहानंच. उन्हाळ्यात फुलं वेचायची, वाळवायची, विकायची. झाड गेलं की आपणही गेलो, असं तिला सरळ वाटायचं. म्हणून तर कधी एकटी तालुक्याला न गेलेली बाई कोर्टाची पायरी चढली.

पण स्टे आला अन् झोप उडाली. जेवता जेवता ताटावरून उठायची, धुऱ्यावर जाऊन यायची. कुठं कुऱ्हाडीचा आवाज झाला की धावत सुटायची. "स्टे उठला तर नाई ना?"

फुलं पडायची वेळ आली. वेचताना नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला झाडून जाळतात. सारा गाव जाळतो. हिनंही जाळला. हेमराजने दुरून मोबाइलवर शूटिंग केलं आणि थेट कोर्टात दिलं.

तिच्या वकील दिव्यानी मॅडम तापल्या. "मंगलीबाई, स्टे म्हणजे जिंकणं नाही हो! निकाल लागेपर्यंत जसं आहे तसं ठेवायचं. त्याने झाड तोडायचं नाही अन् तुम्ही तिथं हात लावायचा नाही. फुलांनासुद्धा! पुन्हा असं केलंत तर स्टे उठेल."

"अवो मॅडम, स्टे तर मीच आनला! मग मले काऊन?"

"दोघांनाही असतो तो."

हे काही बाईच्या गळी उतरेना. पहाटे फुलं टपटप पडायची. बाई रिकामी टोपली घेऊन कडेला बसायची, उठायची, चार पावलं जायची, परत यायची. गावातल्या बाया भरल्या टोपल्या डोक्यावर घेऊन समोरून जायच्या. जीव नुसता तळमळायचा. "जळो तो स्टे!"

एका सकाळी पलीकडच्या बाजूला हेमराज दिसला, त्याच्याही हातात टोपली. तेवढ्यात बकऱ्या घुसल्या अन् फुलांवर तुटून पडल्या. बाई कडाडली, "बकऱ्यायले स्टे नाई वाटते! मेल्या, पाहात काय राह्यला? वेच. मी नाई पाहात." आणि तिने खरंच पाठ फिरवली.

हेमराजने बकऱ्या हाकलल्या, अर्धी फुलं वेचली, मग तोही तोंड फिरवून उभा राहिला. "आता तू वेच काकू. मी बी नाई पाहात." जरा वेळाने म्हणाला, "तू मोहाच्या भाकरी करत होती नं? लय दिवस झाले खाऊन."

"अजून करतो. यायले कोनं अडवलं तुले?" बाईने टोपली ओढली अन् वेचायला बसली.

पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, "स्टे पाळला का?"

"पाळला, साहेब!" दोघंही एकदमच बोलली. दिव्यानी मॅडमनी चमकून पाहिलं.

शूटिंग दाखवून स्टे उठवायला सांगावं म्हणून हेमराजचा वकील उभा राहिला. हेमराजने मागून त्याचा कोट ओढला.

"राहू द्या साहेब, स्टे. ट्रॅक्टर मी लांबच्या फेऱ्यानं नेतो."