कुंपणावरची पाटी

पॉइंट कुक या ऑस्ट्रेलियन उपनगरातल्या आमच्या शेजाऱ्याने कुंपणावर पाटी लावली होती: ‘शेजाऱ्यावर प्रेम करा – येशू’. भाविक माणूस. तक्रारसुद्धा आशीर्वादाने संपवायचा. “तुमचा कचऱ्याचा बिन माझ्या बाजूला सरकलाय. गॉड ब्लेस.”

लॉकडाऊनमधल्या गणपतीत मी आणि बायको, आम्ही दोघांनीच व्हिडिओ कॉलवर आरती केली. स्पीकरमधून पुण्याचं सगळं गणगोत टाळ्या वाजवत गात होतं. आमच्याकडे गर्दी जमलीय असं समजून त्याने पोलीस बोलावले. ते लॅपटॉपमधल्या मावश्या बघून हसत परत गेले.

सकाळी तो कुंपणाशी आला. मला वाटलं, सॉरी म्हणेल.

“नो वरीज, मेट. मी तुला माफ केलंय,” तो म्हणाला, आणि मोदक मागितले.

बायकोने डबा भरून दिला.

“काय करणार?” ती म्हणाली. “पाटीचं तोंड आपल्याकडे आहे. त्याला कुठे दिसते?”